परक्याच्या हातचं

बोंगनिम म्हातारीचा कुत्रा परक्याच्या हातचं खात नाही, ही गोष्ट जिंदो बेटावरच्या त्या गावात कुणाला विचारावी लागत नसे, कारण म्हातारी ती न विचारताच सगळ्यांना सांगत असे. नवा पोस्टमन आला की त्याला सांगे. कांदापात उपटायला बाहेरगावच्या बाया आल्या की बांधावर उभी राहून त्यांना सांगे. गॅसवाला सिलिंडर ठेवून निघाला की त्याच्या हातात सुक्या मासळीचा तुकडा कोंबे आणि म्हणे, टाक त्याच्यापुढे, बघ घेतो का. पिवळाधमक, ताठ कानांचा देजांग त्या तुकड्याकडे एकदा बघायचा आणि तोंड फिरवून बसायचा. मग म्हातारी तोच तुकडा उचलून स्वतःच्या तळहातावर धरायची आणि देजांग तो अलगद ओठांनी उचलायचा. गॅसवाल्याने वाहवा केल्याशिवाय त्याची सुटका नसे.

आता निष्ठेसाठी नावाजलेली जिंदो कुत्री ज्या बेटाची, त्या बेटावर कुत्र्याचा अभिमान कुणाला नसतो म्हणा. तिथे माणसं दोनच गोष्टींवरून हमरीतुमरीवर येतात, एक कुत्रा आणि दुसरी कांदापात. भर हिवाळ्यात, बाकीचा देश बर्फाखाली गारठलेला असताना, बेटावरची शेतं कांदापातीने हिरवीगार असतात आणि जाड पांढऱ्या दांड्यांच्या जुड्या ट्रक भरभरून राजधानी सोलच्या बाजाराला जातात. बोंगनिमकडे कांदापातही होती आणि कुत्राही, आणि दोन्ही पहिल्या प्रतीचे. नवरा गेल्यावर तिने एकटीने शेत ओढलं, मुलगा ग्युतेक याला शिकवलं, ग्वांगजू शहरात त्याचा संसार मांडून दिला. एवढं करून बाई मान ताठ ठेवून चालली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं.

दुखायचं ते एका मानबोकच्या. मानबोक हा तिचा भिंतीला भिंत लागून शेजारी. कुत्री पाळणं हाच त्याचा धंदा, आणि त्याची बोरी नावाची पांढरी कुत्री खरोखरच देखणी होती. पण एका वर्षी कुत्र्यांच्या जत्रेत, सगळ्या पंचक्रोशीसमोर, या बोरीने एका पर्यटकाच्या हातून सॉसेज खाल्लं आणि वर शेपटीही हलवली. त्या दिवसापासून मानबोक फाटकापुढून गेला की बोंगनिम आतून विचारायची, काय मानबोक, सॉसेज आहेत का घरात, की संपले? तोही कमी नव्हता. तो म्हणायचा, तुझाही देजांग एक दिवस खाईल आणि तो मी माझ्या डोळ्यांनी बघेन. त्यावर म्हातारी त्याला चष्म्याचा नंबर वाढवून ठेवायला सांगायची.

त्या हिवाळ्यात बोंगनिमच्या गुडघ्याने अखेर मान टाकली. मोकपोच्या इस्पितळात गुडघा बदलायचं ठरलं. ग्युतेकला कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून त्याची बायको हेरिन आली. ती बँकेत काम करायची, बोलायला हळू, आणि कुत्र्यापेक्षा मांजरात वाढलेली. म्हातारीने तिला देजांगचं सगळं समजावून दिलं. खाणं दोन वेळा, ग्युतेक पाठवतो त्या पोत्यातल्या सुक्या खाद्याच्या गोळ्या. वर बिनमिठाचं मासळीचं कोमट पाणी, पण मासळी आधी रात्रभर भिजवून तिचं मीठ काढायचं. पाण्याचं भांडं रोज घासायचं, थंडीत त्यावर बर्फाची साय धरली की लगेच फोडायची. फिरवताना पट्टा सोडायचा नाही, शेडमागे उंदरांचं औषध ठेवलेलं असतं. कांदापातीच्या ढिगाजवळ तर मुळीच न्यायचं नाही. कांदा कुत्र्याच्या पोटात गेला की रक्त नासतं, हे तालुक्याच्या गावचे जनावरांचे डॉक्टर सोल यांनी तिला फार मागे सांगून ठेवलं होतं. बाकी गाव आजाने केलं तसंच करत होतं, कांदापात घातलेल्या उरल्यासुरल्या सुपात भात कालवायचा आणि कुत्र्यापुढे ठेवायचा. काही कुत्री त्यावर धडधाकट जगायची, काही अकाली जायची. गेली की म्हणायचे, होतं त्याचं वय.

हेरिनने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग शेजारीपाजारी सांगून ठेवायचं का, की याला सूपभात घालू नका म्हणून? बोंगनिमला हसू आलं. ती म्हणाली, अगं, सांगायचं कशाला? तो घेणारच नाही. उगाच गावाला वाटेल, म्हातारीचा आपल्याच कुत्र्यावर भरवसा नाही.

आणि ती चालताना टेकायची ढकलगाडी धरून, देजांगच्या कपाळावर हात ठेवून मोकपोला गेली.

पहिल्या दिवशी देजांगने हेरिनने ठेवलेलं निम्मंच खाल्लं. दुसऱ्या दिवशीही फाटकाकडे तोंड करून बसून राहिला. हेरिनने फोनवर हे काळजीने सांगितलं, पण म्हातारीच्या छातीवर जणू कुणी पदक लावलं. तिने आधी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, मग नर्सला, मग व्यायाम करून घेणाऱ्या मुलाला. माझा कुत्रा माझ्यासाठी उपाशी बसलाय. गुडघ्याला कळा येत होत्या तरी तिचा चेहरा उजळला होता. ही बातमी गावातही पसरली. म्हाताऱ्या बाया काठ्या टेकत फाटकापर्यंत यायच्या, देजांगकडे बघून जीभ चुकचुकायच्या आणि डोळे पुसत म्हणायच्या, बघा, याला म्हणतात जिंदोचं रक्त.

तिसऱ्या दिवसापासून देजांग वाडग्यातलं आणखी कमी खाऊ लागला. हेरिनला वाटलं, सासूबाईंच्या आठवणीनेच असेल. तिला तरी दुसरं कोण सांगणार होतं? सगळं गाव तेच म्हणत होतं, आणि कौतुकाने म्हणत होतं.

बोंगनिम परत आली तेव्हा देजांग धावत आला नाही. अंगणात भिंतीच्या कडेला तो आडवा पडला होता. तिचा आवाज ऐकून त्याने डोकं उचललं, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा डोकं टेकवलं. म्हातारी नव्या गुडघ्याची पर्वा न करता खाली बसली आणि त्याचं तोंड मांडीवर घेऊन ढसाढसा रडली. पण त्या रडण्यात दुःख कमी आणि अभिमान जास्त होता, हे तिच्या जवळ उभी असलेली हेरिनसुद्धा सांगू शकली असती. फाटकात गर्दी जमली. सरपंच म्हणाला, याची बातमी पेपरात यायला हवी. मानबोकही भिंतीपलीकडून बघत होता, आणि आज पहिल्यांदा तो काही बोलला नाही. म्हातारीने ते बरोबर टिपलं आणि मनात म्हणाली, आता का दातखीळ बसली?

संध्याकाळी तिने स्वतः मासळी उकडून त्याच्यापुढे धरली. त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. बोंगनिमने स्वतःची समजूत घातली. इतक्या दिवसांचा उपास आहे, एकदम कसा सुटेल? मी आले ना, उद्या खाईल.

सकाळी हेरिन अंगणात गुडघे टेकून बसली होती. तिने देजांगचा वरचा ओठ उचलला होता आणि बोटाने हिरडी दाबून बघत होती. बोंगनिमने दारातूनच विचारलं, दात कसले बघतेस, घोडा विकत घ्यायचाय का? हेरिन हसली नाही. तिच्या माहेरच्या म्हाताऱ्या मांजरीचं मूत्रपिंड बिघडलं होतं तेव्हापासून तिला ही सवय लागली होती. रोज हिरड्यांचा रंग बघायचा, मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, पाणी किती प्यायलं आणि मूत कसं झालं ते बघायचं. देजांगच्या हिरड्या तांदळाच्या पिठासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. आणि भिंतीजवळच्या हिमावर त्याने केलेली लघवी बार्लीच्या चहासारखी काळपट होती.

हेरिन म्हणाली, डॉक्टरकडे न्यायला हवं, आत्ता. बोंगनिम उखडली. माझ्यासाठी झुरणाऱ्या मुक्या जिवाला सुया टोचायच्या? शहरातल्या पोरींना सगळ्याला आजारच दिसतो. त्याला औषध कसलं हवंय, मी हवी होते, ती आलेय. ती बराच वेळ बोलत राहिली. हेरिनने ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग तिने आयुष्यात पहिल्यांदा सासूला उलट उत्तर दिलं.

"आई, झुरण्याने भूक जाते. हिरड्या पांढऱ्या नाही होत."

बोंगनिमने स्वतः वाकून ओठ उचलला. बघितलं. मग आत गेली आणि कोट घालून आली.

डॉक्टर सोल कमी बोलणारा माणूस. त्याने रक्त काढलं, काचेवर एक थेंब पसरवला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, आणि बोंगनिमकडे न बघता हेरिनला विचारलं की याने कांदा कधी खाल्ला. बोंगनिम म्हणाली, शक्यच नाही. डॉक्टर म्हणाला, आजी, याच्या रक्तातल्या लाल पेशी कांद्याने फुटल्यासारख्या दिसतायत, आणि आपल्या जिंदो कुत्र्यांना तर इतरांपेक्षा कांदा जास्तच बाधतो. तिला वाटलं, आपल्याच कुत्र्याच्या जातीत हे असं कसं असेल? पण डॉक्टरला खोटं बोलायचं कारण नव्हतं.

मग त्याने नीट समजावून सांगितलं. कांद्याचं विष लगेच मारत नाही, खाल्ल्यानंतर काही दिवस रक्त उतरत जातं. आठवडाभरापूर्वी एकदाच खाल्लं असेल तर सगळ्यात वाईट दिवस सरले, सलाइन आणि विश्रांतीवर तो भरून येईल. पण रोज खात असेल आणि कालपर्यंत खात असेल, तर रक्त आणखी उतरणार, आणि आहे त्यात आणखी उतरायला जागाच नाही. मग त्याला आजच्या आज दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल. त्यातही धोका आहे, उगाच देता येत नाही. तेव्हा कुणी काय घातलं आणि शेवटचं कधी घातलं, एवढं मला संध्याकाळच्या आत कळवा. तोवर याला इथेच ठेवतो.

गावात परतल्यावर हेरिन दारोदार फिरली. सगळ्या दारांतून तिला एकच उत्तर मिळालं, आणि सगळ्यांनी ते जरा दुखावल्यासारखं दिलं. आम्ही? ग्युतेकच्या आईच्या देजांगला? अगं बाई, तो घेईल का आमच्या हातचं? भलतंच काय विचारतेस. सरपंचाची बायको तर म्हणाली, असं विचारणं म्हणजे त्या कुत्र्याचा अपमान आहे. हेरिन परत आली आणि ओट्यावर बसली. ती म्हणाली, आई, कुणीच घातलं नाही म्हणतायत. पण बोलताना कुणी माझ्या डोळ्यांत बघत नाही.

 बोंगनिमला एकदम कळलं की काय झालंय. लोक खोटं बोलत होते, पण लबाडीने नाही. देजांगने आपल्या हातचं खाल्लं म्हणायचं, म्हणजे बोंगनिमला तिच्या तोंडावर खोटं पाडायचं. तेही ती इस्पितळातून नुकती आलेली, कुत्रा आजारी. कोण सांगेल? आणि सांगणारा कुणी नसेल तर संध्याकाळी डॉक्टर अंदाजाने काय ते करील, आणि अंदाज चुकला की देजांग गेला. वर्षानुवर्षं तिने गावाला जे घोकायला लावलं होतं, तेच आता गाव तिला म्हणून दाखवत होतं. ती हेरिनला म्हणाली, माझी ढकलगाडी आण.

गावाच्या सभागृहात ध्वनिक्षेपकाची खोली आहे. सरपंच रोज पहाटे तिथून खताच्या पोत्यांची, लसटोचणीची, कुणाच्या मयताची खबर देतो. खांबांवरचे कर्णे शेतापर्यंत ऐकू जातात. बोंगनिमने सरपंचाला मशीन चालू करायला सांगितलं. काय बोलायचंय असं त्याने विचारलं तर म्हणाली, तू नुसतं चालू कर. बटण दाबल्यावर खुर्चीवर बसून ती त्या माइककडे क्षणभर बघत राहिली.  जन्मात तिने कुणापुढे मान खाली घातली नव्हती, आणि आता सगळ्या गावासमोर एकदमच घालायची होती.

"मी ग्युतेकची आई बोलतेय. देजांग डॉक्टरकडे आहे आणि मरायला टेकलाय. माझ्यासाठी झुरून नाही. त्याच्या पोटात कांदा गेलाय. इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आले की तो परक्याच्या हातचं खात नाही. खातो. मी समोर असले की माझ्या धाकाने नाही खात, मी नसले की खातो. कुत्रा आहे तो, वास आला की खाणारच. तेव्हा मी खोटी पडेन म्हणून कुणी दडवू नका. माझी मान खाली गेली तर जाऊ दे, देजांग जायला नको. ज्याने घातलं असेल त्याने काय घातलं आणि कधी घातलं एवढंच येऊन सांगा. मी कुणाला बोल लावणार नाही. शेजारी सांगून ठेवूया असं माझी सून म्हणत होती, मीच तिला हसले. आणि तुम्ही आम्ही सगळे त्याच्या निष्ठेचे गोडवे गात होतो तेव्हा त्याच्या हिरड्या तिनेच बघितल्या. झालं, एवढंच."

ती थांबली. सरपंच शेजारीच उभा होता, त्याचं तोंड उघडं पडलं होतं. मशीन बंद करायचं त्याला भान राहिलं नाही आणि तो म्हणाला, "वहिनी, मीही घातलं एकदा. हाडांचं सूप. आमच्या हिला सांगू नका." हे सगळ्या गावाने ऐकलं, त्याच्या बायकोनेसुद्धा. आणि कर्ण्यातून लगेच हेरिनचा आवाज आला, "बटण, बटण बंद करा." लोक सांगतात की त्या दिवशी शेतात कांदापात उपटणाऱ्या बाया खाली बसून हसल्या.

मग माणसं येऊ लागली. पहिली आली ती सरपंचाचीच बायको, आणि नवऱ्याकडे न बघता तिने कबूल केलं की तिनेही वेगळं घातलं होतं, तिखट सूप, भरपूर पात चिरून, बिचारा झुरतोय म्हणून. तिच्यामागे कोपऱ्यावरची कुबडी आजी आली. मग दुकानवाली. मग ज्या दोघी जणी डोळे पुसत जिंदोच्या रक्ताचं कौतुक करत होत्या, त्याही आल्या. प्रत्येकीला वाटलं होतं की त्याने फक्त आपल्याच हातचं खाल्लं, आणि बोंगनिमला कळलं तर ती खचेल, म्हणून प्रत्येकीने तोंड शिवून घेतलं होतं. हेरिन एकेकीला विचारत होती, कधी? सगळ्यांचं उत्तर एकच, आठवडा झाला असेल, एकदाच, फार तर दोनदा. हेरिनच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. इतकंच असेल तर सुटलो.

सगळे सांगून झाल्यावर मानबोक आला. टोपी हातात धरून तो दारातच उभा राहिला. बोंगनिमने त्याला बघितलं आणि मनाची तयारी केली. बोल बाबा, आज तुझा दिवस आहे.

पण तो खाली बघत म्हणाला, "मी रोज घातलं. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. सकाळ, दुपार. काल तुझी गाडी यायच्या आधीसुद्धा. माझी बायको हाडं उकळायची, वरून मूठभर पात टाकायची. भिंतीवरून ठेवायचो. चाटूनपुसून खायचा."

 डॉक्टरला कळवायला हेरिन फोन घेऊन बाहेर धावली.

बोंगनिम त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस इतकी वर्षं या एका घटकेची वाट बघत होता. ती त्याला मिळाली, आणि त्याने गावभर दवंडी का पिटली नाही? तिने तेच विचारलं.

"पिटणार होतो," मानबोक म्हणाला. "पहिल्यांदा खाल्लं तेव्हा सरपंचाकडे निघालोही होतो. अर्ध्या वाटेवर मनात आलं, बाई तिकडे पाय फाडून घेऊन पडलीय. परत आल्यावर मान वर करून चालायला तिच्याजवळ काय उरेल? म्हणून परत फिरलो. रोज घालत होतो ते एवढ्यासाठी की तू येईपर्यंत तो तगावा. मला माहीत नव्हतं गं. आमची कुत्री गोळ्याच खातात, आम्हाला कधी शिकायची वेळच आली नाही."

  बोंगनिमला राग यायला हवा होता, कारण तिच्या कुत्र्याला त्यानेच मरणाच्या दारात नेलं होतं. राग आलाही, आणि त्याच्या पाठोपाठ असं काही दाटून आलं की तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

हेरिन परत आली. डॉक्टर म्हणत होता की रक्त आजच द्यायला हवं, आणि ग्वांगजूहून मागवलं तर उद्या दुपार होईल, तोवर थांबता येणार नाही. गावातलंच कुत्रं हवं. मोठं, तरणं, सगळ्या लसी झालेलं, आणि ज्याच्या पोटात कधी कांदा गेला नाही असं. हे शेवटचं वाक्य ऐकून सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. उत्तम कुत्र्यांचं गाव ते, घरटी एक कुत्रं, आणि सगळी सूपभातावर पोसलेली.

मानबोकने टोपी डोक्यावर घातली. "बोरी आहे," तो म्हणाला. "परक्याच्या हातचं खाते ती, पण कांदा कधी खाल्ला नाही."

त्याच्या ट्रकमधून ते गेले. डॉक्टरने आधी दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळून बघितली आणि जुळतं म्हणून मान हलवली. बोरीच्या मानेवरचे केस कापले तेव्हा ती थरथरायला लागली. मानबोकला ते बघवेना, तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग बोंगनिमने बोरीचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. ज्या कुत्रीला तिने इतकी वर्षं नावं ठेवली, तिच्या कानात ती सुई निघेपर्यंत बोलत राहिली. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. बोरीने मात्र तिचं मनगट चाटलं. पलीकडच्या टेबलावर देजांगच्या पायात नळी लागली, आणि पिशवी हळूहळू रिकामी होत गेली.

ती रात्र आणि पुढचा दिवस डॉक्टरने काही सांगितलं नाही. हेरिनने बँकेतली रजा वाढवून घेतली आणि दर थोड्या वेळाने जाऊन ओठ उचलून बघत राहिली. बोंगनिम बाकावर पाय लांब करून बसली होती. कुणी गावचं भेटायला आलं की ती आता हिरड्या कशा बघायच्या ते दाखवायची, आपल्याच तोंडात बोट घालून. आणि म्हणायची, हे मला माझ्या सुनेने शिकवलं. हे वाक्य ती पूर्वी कांदापातीबद्दल बोलायची तशा सुरात म्हणायची. हेरिन लाजून आत निघून जायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेरिन आतून धावत आली आणि म्हणाली, आई, गुलाबी. नुसती फिकट, पण गुलाबी. डॉक्टर म्हणाला, आता याने स्वतःहून खाल्लं पाहिजे, खाल्लं की मी घरी सोडीन. हेरिनने बिनमिठाची उकडलेली कोंबडी कुस्करून आणली. मानबोकही बोरीच्या मानेवरची सुईची जागा डॉक्टरला दाखवायला आला होता, तो दाराशी घुटमळत उभा राहिला. वाट बघणाऱ्या लोकांनी, मांजराच्या टोपल्या मांडीवर घेतलेल्यांनीसुद्धा, माना उंचावल्या. बोंगनिमच्या कुत्र्याची गोष्ट एव्हाना सगळ्या तालुक्याला माहीत झाली होती.

देजांगने मान उचलली. बोंगनिमने वाडगा हातात घेतला, एक घास उचलला आणि थांबली. मग तिने तो घास परत वाडग्यात टाकला आणि वाडगा मानबोकपुढे धरला.

"घे. तू घाल."

मानबोक मागे सरकला. तो म्हणाला, तुझा कुत्रा आहे, सगळे बघतायत.

"बघू देत. तुझ्या बोरीचं रक्त आहे त्याच्या अंगात. परका कसला तू?"

मानबोकने घास उचलला. निम्मा त्याच्या बोटांतून खाली सांडला. देजांगने त्याचा तळहात हुंगला, आणि उरलेला घास अलगद ओठांनी उचलला. मग दुसरा. मग सांडलेलाही. मानबोकच्या नाकातून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. बोंगनिमने पदराने पुसतात तसं आपल्या स्कार्फच्या टोकाने त्याचं नाक पुसलं. मग ढकलगाडीला धरून ती ताठ उभी राहिली आणि टोपल्या घेऊन बसलेल्या त्या सगळ्या अनोळखी लोकांकडे वळली.

"बघितलंत ना कसा खातोय," ती म्हणाली. "माझा कुत्रा आहे तो."